‘भाजीवाली यूपीआय वापरते ना?’ : एका फिरत्या मजकुराला उत्तर

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. लिहिणाऱ्याचं नाव नसतं. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. थोडक्यात तो असा :

“वाचता येत नाही म्हणून मोबाइलवरची कामं जमत नाहीत, ही पळवाट आहे. कोपऱ्यावरची भाजीवाली यूपीआय वापरते. सगळं आता मराठीत आहे. चित्रं असतात, ती तर कुणालाही कळतात. फोन बोलतोसुद्धा. एवढं करून नाहीच जमलं तर घरात शिकलेली पोरं आहेत. आणि पाच-दहा वर्षांत निरक्षर उरणारच नाही कोणी. मूठभर लोकांसाठी बाकीच्यांना बालवाडीतली अ‍ॅप्स वापरायला लावू नका.”

मागच्या वेळी मी गप्प बसले. या वेळी धाकट्या काकांनी तो पाठवला आणि वर मला टॅग केलं, “तुझ्या धंद्याचं आहे बघ.” धंद्याचं आहे खरं. अ‍ॅप बाजारात जाण्याआधी ते लोकांच्या हातात द्यायचं, शेजारी बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि बोट कुठे अडतं ते लिहून काढायचं, हे माझं काम. त्यात कमी शिकलेल्या बायकांशी जास्त संबंध आला. म्हणून एकेक वाक्य घेते.

“भाजीवाली यूपीआय वापरते”

वापरते. पण काय वापरते ते जरा गाडीशेजारी उभं राहून बघा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्यूआर कोड असतो. गिऱ्हाईक स्वतःच्या फोनने स्कॅन करतं, रक्कम तेच टाकतं, पिनही तेच. मावशी तराजूवरून मान वर करत नाहीत. बाजूचा साउंडबॉक्स साठ रुपये आल्याचं ओरडून सांगतो आणि पिशवी पुढे येते. वाचायचं होतं तेवढं गिऱ्हाइकाने वाचलं, उरलेलं त्या डब्याने सांगितलं. म्हणजे कुणीतरी बसून विचार केला होता की विकणाऱ्याचे हात ओले आहेत, डोळे काट्यावर आहेत, खोटा स्क्रीनशॉट दाखवून निसटणारेही येतात. तेव्हा पैसे आल्याचं कानाने कळू दे. सोयीची गरज नाही याचा पुरावा म्हणून भाजीवाली पुढे करता आणि ती नेमका उलटा पुरावा आहे.

आता त्याच मावशींना सांगा, परवा एका बाईंनी चुकून जास्त पैसे पाठवले, तेवढे परत करा. आमच्या मंडईतल्या मावशी अशा वेळी फोन शेजारच्या कांदेवाल्याच्या मुलाकडे देतात. पिनसकट.

पैसे घेणं आणि देणं यांतला हा फरक चोरांना आपल्याआधी कळला होता. यूपीआयमध्ये दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवायची सोय होती. चोर आधी मागणी पाठवायचा, मग फोन करायचा, ‘ताई, तुमचे पाच हजार आलेत, पिन टाकून घ्या.’ पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत हे पडद्यावर असायचं, पण लिहिलेलं असायचं. ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही’ असे इशारे वर्षानुवर्षं देऊन झाले. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसाने माणसाकडे अशी मागणी पाठवायची सोयच बंद केली. या फसवणुकीत पदवीधरही सापडले होते, हे काकांसाठी मुद्दाम लिहून ठेवते.

बटण दाबता येणं वेगळं आणि आपण काय दाबलं ते कळणं वेगळं. त्या मजकुरात या दोन गोष्टींची सरमिसळ आहे, आणि पुढची सगळी वाक्यं तिच्यावरच उभी आहेत.

“सगळं आता मराठीत आहे”

कुठल्या मराठीत? ‘प्रमाणीकरण अयशस्वी. कृपया पुनश्च प्रयत्न करा.’ चौथीत शाळा सुटलेली बाई हे कसं वाचते ते ऐकायला हवं. बोट अक्षराखाली सरकत जातं, प्र… मा… णी… ‘अयशस्वी’तल्या ‘स्वी’पाशी थांबतं, मागे येतं, पुन्हा जातं. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात डोक्यातून निघून गेलेली असते आणि तेवढ्यात वेळ संपली म्हणून पडदा पहिल्या पानावर गेलेला असतो. ही बाई निरक्षर नाही. जनगणनेत ती साक्षरच आहे, कारण तिथली व्याख्या कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येणं एवढीच आहे, आणि घरातल्या माणसाने तोंडी दिलेलं उत्तर तिथे चालतं.

आपण पान चाळतो, कामाचा शब्द उचलतो, बाकीचं सोडतो. अडखळत वाचणाऱ्याला चाळता येत नाही. ती एकतर पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचते, नाहीतर सगळा परिच्छेद सोडून जे बटण रंगीत दिसतं ते दाबते. आणि रंगीत बटण नेहमी ‘मान्य आहे’चं असतं. पांढरं, बारीक कडेचं असतं ते ‘नको’चं.

भाषांतर करणाऱ्यांचा शुद्धतेचा हट्ट हे वेगळंच प्रकरण. ओटीपी हा शब्द आज वस्तीतल्या आजीबाईंना ठाऊक आहे, पण अ‍ॅप म्हणतं ‘एकवेळ संकेतांक’. ‘बॅलन्स’ कळतो, ‘उपलब्ध शेष’ कळत नाही. ‘फॉर्म भरा’ कळतं, ‘अर्ज सादर करा’शी घुटमळायला होतं. मराठीच्या प्रेमापोटी हे केलेलं असतं याबद्दल शंका नाही.

आकड्यांची गंमत तर फार थोड्यांच्या लक्षात येते. मराठी निवडलं की काही अ‍ॅप्स आकडेही देवनागरी करतात. वाचता न येणाऱ्या पुष्कळ बायकांना आकडे येतात, पण ते फोनच्या बटणांवरून आणि रिचार्जच्या रकमांवरून शिकलेले इंग्रजी आकडे. देवनागरी १ हा त्यांना इंग्रजी नवासारखा दिसतो आणि ५ चारासारखा. एका चाचणीत पडद्यावर १५० होते आणि समोरच्या ताई शांतपणे म्हणाल्या, “नऊशे चाळीस मागतंय, देऊ का?” उलट त्यांच्या सासूबाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर वाढलेल्या, त्यांना देवनागरीच ओळखू येत होते. एकाच घरात दोघींची गरज दोन तऱ्हेची. आकडे कुठले हवेत हे भाषेपेक्षा वेगळं विचारलं की काम भागतं, पण ते विचारणारं अ‍ॅप मी अजून पाहिलेलं नाही.

आणि मराठी शब्द सोपे असूनही वाक्य घात करतं ते वेगळंच. ‘लाडकी बहीण’ योजनेच्या २०२५ मधल्या ई-केवायसीत लाभार्थीने काही विधानांना होय किंवा नाही म्हणायचं होतं. त्यातलं एक अशा अर्थाचं होतं : माझ्या कुटुंबातले सदस्य कायम कर्मचारी म्हणून सरकारी विभागात, उपक्रमात, मंडळात किंवा स्थानिक संस्थेत कार्यरत नाहीत किंवा निवृत्तिवेतन घेत नाहीत. आता सांगा, ज्या घरात सरकारी नोकरीत कुणीच नाही तिथल्या बाईने काय दाबायचं? नियमाप्रमाणे ‘होय’. पण आपण मराठीत बोलतो कसं? ‘घरात कुणी नोकरीत नाही ना?’ ‘नाही.’ नकाराला नकारानेच दुजोरा देतो. म्हणजे मराठी नीट बोलणारी बाईच इथे चुकणार. नंतर चुकलेला पर्याय दुरुस्त करायला एक संधी द्यावी लागली. ‘घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का?’ असं विचारून खाली ‘आहे’ आणि ‘कुणी नाही’ अशी दोन बटणं ठेवायला किती खर्च आला असता?

“चित्रं तर कुणालाही कळतात”

एका पडद्यावरच्या तीन आडव्या रेघा दाखवून मी विचारलं, हे काय असेल? उत्तरं आली : जिना, पट्ट्यांचं दार, आणि ‘काही नाही, मोडलंय वाटतं’. त्या रेघांमागे अख्खं अ‍ॅप लपलेलं होतं. दाते असलेलं चाक म्हणजे सेटिंग हेही कुणीतरी सांगितल्यावरच कळतं. चित्रंसुद्धा शिकावी लागतात. आपण ती कधी शिकलो ते विसरलोय, एवढंच.

यावर आपल्याच देशात फार चांगलं काम झालेलं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियात इंद्राणी मेधी यांनी बंगळुरूच्या वस्त्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर बसून, स्त्री जागृती समिती या संघटनेच्या मदतीने, काम शोधण्यासाठी अक्षरंच नसलेले पडदे तयार केले. २००६ सालची गोष्ट. त्यातून कळलं ते हे, की फोटो जितका खरा तितका बरा असं नसतं. अनावश्यक तपशील गाळून हाताने काढलेलं चित्र बऱ्याचदा जास्त कळतं. आणि चित्रात क्रिया दिसावी लागते. नुसती भांडी काढली तर बघणारीला स्वयंपाकघर दिसतं. नळातून पाणी पडताना दाखवलं की मग ‘भांडी घासायचं काम’ कळतं.

त्यांचाच पुढचा शोध मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अक्षरं पूर्ण काढून टाकली तरी कमी शिकलेल्या लोकांना एकात एक असलेल्या पायऱ्यांतून वाट काढणं जड जातं. सेवा, मग बिलं, मग वीज, मग नवीन बिल, अशी उतरंड शाळेच्या पुस्तकात प्रकरण-उपप्रकरण करत वाढलेल्याला सहज वाटते. ज्याने अनुक्रमणिका कधी उलटलीच नाही त्याला ‘वीज’ ही ‘सेवां’च्या पोटात असेल हे का सुचावं? त्याला एक सलग यादी सोपी पडते, सरकवत जायची आणि ओळखीचं दिसलं की थांबायचं. थोडी लांबली तरी चालते.

ओळखीचं दिसणं हा शब्द इथे मोलाचा. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या एका मावशींच्या फोनमध्ये नावं नाहीत, चित्रं आहेत. मुलगा ट्रॅक्टर चालवतो म्हणून त्याच्या नंबरापुढे ट्रॅक्टर. जावयापुढे नारळ. मी विचारलं, नारळ का? “मान द्यावा लागतो ना,” म्हणाल्या. माझ्यापुढे चष्मा आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास ‘रांगोळी’ नावाची फोनवही याच वाटेने केली होती : नावांऐवजी रंग आणि चित्रखुणा. चित्र ज्याचं त्याने ठेवलं की ते कळतं. मुंबईत बसून डिझायनरने ठेवलं की कळेलच असं नाही.

“फोन बोलतोसुद्धा”

बोलतो, आणि याचा उपयोग होतो. ओळीशेजारी कर्ण्याचं चित्र ठेवून दाबलं की ती ओळ ऐकू येणं, यासारखी सोय नाही. पण ‘आता आवाज आला, प्रश्न संपला’ हे म्हणणारे कधी बँकेच्या फोन-मेनूत अडकलेले दिसत नाहीत. आठ पर्याय ऐकेपर्यंत दुसरा विसरतो. लिहिलेल्याकडे पुन्हा बघता येतं, बोललेलं हवेत जातं. शिवाय एक अगदी साधी अडचण : ‘शिल्लक जाणून घेण्यासाठी दोन दाबा’ हे ऐकायला फोन कानाला लावावा लागतो, आणि कानाला लावला की पडदा काळा होतो. खाली घेतला की पडदा उजळतो, पण आकडे कुठे आहेत? ते आणायला आणखी एक ठिपक्यांचं चित्र दाबावं लागतं. तोवर फोनमधली बाई म्हणते, ‘आपण कोणताही पर्याय निवडला नाही.’ जुन्या बटणांच्या फोनवर हे सोपं होतं.

बोलून सांगणं सोपं असेल हेही गृहीतच. गुजरातेत शेतकऱ्यांसाठी ‘आवाज ओटलो’ ही फोनवरची सेवा चालायची. तिच्यावर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोलून पर्याय निवडणाऱ्यांपेक्षा बटण दाबून निवडणाऱ्यांचं काम जास्त वेळा तडीला गेलं. यंत्राचे कान तेव्हापेक्षा बरेच सुधारले आहेत हे मान्य. पण नंदुरबारची पावरी, खानदेशची अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी ऐकणारी यंत्रं कुठे आहेत? आणि समजा आली, तरी खात्यात किती शिल्लक आहे हे एसटीत चाळीस माणसांदेखत मोठ्याने ऐकायचं का? घरात नवऱ्यादेखत? ज्या बाईने बचत गटाचे पैसे वेगळे ठेवलेत तिला विचारून बघा.

आवाज, चित्र आणि थोडे शब्द एकत्र असले की काम होतं. एकाने दुसऱ्याची जागा घेतली की होत नाही. अवघ्या दोन वाक्यांत मावणारी गोष्ट आहे ही, पण बैठकीत ‘एआय करेल’ म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उजळतात.

“घरात शिकलेली पोरं आहेत”

हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो. आमच्या ओळखीच्या एका बचत गटातल्या ताईंच्या खात्यातून दर वर्षी विम्याचा हप्ता जात होता. बँकेचं नाव लिहीत नाही. अर्ज भाच्याने भरून दिला होता आणि विम्याच्या चौकटीत टिक आधीपासूनच होती. त्याने काढली नाही, त्यांना दिसली नाही. तीन वर्षांनी पासबुकात कळलं. भाचा वाईट नाही. कॉलेजला जायची घाई होती त्याला.

पोरं करून देतात म्हणजे काय होतं? पिन पोरांना माहीत असतो. ओटीपी त्यांना वाचून दाखवावा लागतो. आलेले पैसे किती हे बाईच्या आधी पोराला कळतं, आणि पोराकडून त्याच्या बापाला. पोरगं कामाला बाहेरगावी गेलं की सेवा केंद्र, तिथे प्रत्येक कामाचे पैसे आणि अंगठा कशावर लावला ते त्यालाच माहीत. मदतनीस असावाच. पण त्याला वेगळं दार द्या : मदत करणाऱ्याला फॉर्म भरता येईल, पण शेवटची रक्कम आणि शेवटचा होकार खातेदाराला तिच्या भाषेत ऐकवल्याशिवाय पुढे जाणार नाही. मतदान यंत्राचं बघा. निळं बटण दाबलं की चिन्हासमोरचा दिवा, मग काचेआड सात सेकंद चिठ्ठी आणि तिच्यावर तेच चिन्ह. आपण कुणाला दिलं ते शेजाऱ्याला विचारावं लागत नाही.

“पाच-दहा वर्षांत निरक्षर उरणारच नाही. मूठभर लोकांसाठी…”

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. उरलेल्या लोकांची मूठ किती मोठी होते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा, राज्याची लोकसंख्या तेव्हा ११ कोटींवर होती. आणि नुकतेच शाळेतून बाहेर पडणारे? शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेच्या असर २०२३ पाहणीत देशातल्या १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे पाव मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा आपल्या प्रादेशिक भाषेत सलग वाचता आला नाही. पाच-दहा वर्षांनी हीच मुलं संसार करत असतील, कर्जाच्या अ‍ॅपवर ‘मान्य आहे’ दाबत असतील.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक आली तेव्हा देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. आधी वाचायला शिका मग मत द्या, असं सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने म्हटलं नाही. चिन्हं दिली, आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवून तिच्यावर ते चिन्ह लावलं. मतपत्रिकेवर खूणही करायची नव्हती, पेटीत टाकली की झालं. तेव्हा ते बालवाडीतलं वाटलं नाही कुणाला. आज उलट आहे. संकेतस्थळांच्या सुलभतेच्या जागतिक निकषांत वाचनाच्या पातळीचा निकष आहे, पण तो सगळ्यांत वरच्या ‘ट्रिपल ए’ पायरीवर. आपल्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं ‘डबल ए’पाशी थांबतात. म्हणजे रंगांचा फरक पुरेसा आहे का हे तपासलं जातं, वाक्य कळतं का हे नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्या याचिका केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता न येणाऱ्यांच्या आणि अंधांच्या होत्या. अडखळत वाचणाऱ्यांची याचिका अजून कुणी केलेली नाही, आणि करायची तर अर्ज त्यांनाच वाचावा लागेल.

राहिलं शिकलेल्यांना बालिश वाटण्याचं. संकेतस्थळं वापरायला किती सोपी आहेत याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००५ मध्ये एका औषधाच्या संकेतस्थळावरची चाचणी प्रसिद्ध केली. मजकूर सोपा करून लिहिल्यावर कमी वाचता येणाऱ्यांचं काम यशस्वी होण्याचं प्रमाण ४६ वरून ८२ टक्क्यांवर गेलं. आणि चांगलं वाचता येणाऱ्यांचं? ६८ वरून ९३ वर. वेळही त्यांचा निम्म्याहून कमी लागला. बालवाडी वगैरे कुणी म्हणालं नाही.

काकांना मी हे सगळं ग्रुपवर पाठवणार होते, पण मागच्या महिन्यातला त्यांचाच फोन आठवला. रात्री साडेनऊला, जरा घाबऱ्या आवाजात. काका बांधकाम खात्यातून निवृत्त, आयुष्यभर निविदा वाचलेला माणूस.

“अगं, हे ‘सत्र कालबाह्य झाले आहे’ म्हणतंय. कुठलं सत्र?”

“खाली बटण काय आहे काका?”

“दोन आहेत. एक ‘ठीक आहे’ आणि एक ‘रद्द करा’. कुठलं दाबू? पैसे तर नाही ना जायचे?”